शून्य सेकंद

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मी फ्रिजवर एक कागद चिकटवला. आडव्या ओळींत तारखा, उभ्या रकान्यांत थेंबांच्या वेळा. बाटल्या दोन. एक दिवसातून चार वेळा, दुसरी तीन वेळा, आणि दोन्हींची वेळ एकच आली तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. थेंब घातला की त्या चौकटीत खूण करायची. पेन शोधत बसायला नको म्हणून तेही दोऱ्याने तिथेच बांधलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर दुपारी दोनची चौकट कोरी.

"बाबा, दुपारचा थेंब राहिला का?"

"घातला की. घातला असेन."

"घातला, की घातला असेल?"

ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "डोळा लागला होता गं. उठलो तेव्हा तीन वाजले होते. बाटली हातात घेतल्याचं आठवतंय."

मी बाटली दिव्यासमोर धरून पाहिली. एका थेंबाने पातळी अशी किती उतरणार? डॉक्टरांकडे फोन केला. पुढचा थेंब वेळेवर घाला, राहिला असेल म्हणून दोनदा घालू नका, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यावर विषय मिटला. पण ती कोरी चौकट रात्री झोपेपर्यंत माझ्या डोक्यातून जाईना, कारण दिवसभर ऑफिसात मी असल्याच कोऱ्या चौकटींसमोर बसलेली असते.

मी वेब अ‍ॅनालिटिक्समध्ये काम करते. एखाद्या साइटवर किती लोक आले, कुठून आले, काय पाहिलं, कुठून परत गेले, याची मोजदाद नीट होते आहे ना हे बघायचं आणि त्या आकड्यांचा अर्थ लावायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, आकडे तर मशीनच काढतं, मग तुझं काम काय? काम हेच, की समोर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवायचं. त्यातच बहुतेक दिवस जातो.

आमच्या टीममध्ये एक प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की तो भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही: ट्रॅफिक पडलं की टॅग पडला? ट्रॅफिक म्हणजे साइटवर येणारी माणसं, टॅग म्हणजे त्यांची नोंद घेणारा पानातला छोटा कोड. एखाद्या सोमवारी सकाळी डॅशबोर्ड उघडावा आणि आलेख खाली कोसळलेला दिसावा. फोन वाजायला लागतात, ग्राहक गेले कुठे म्हणून विचारणा होते. पण लोक आले नाहीत आणि लोक आले पण नोंद झाली नाही, या दोन अगदी वेगळ्या घटना आलेखावर सारख्याच दिसतात. आठवड्याच्या शेवटी साइटची नवी आवृत्ती चढवताना कुणाकडून तरी आमचा टॅग उडालेला असतो. दुकान भरलेलं, फक्त दारावरचा मोजणारा उठून गेलेला. अशा वेळी मी आधी ऑर्डरची यादी मागवते, सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइट चालवणाऱ्या यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद, मागवते. म्हणजे त्याच घटनेचा दुसरा कुणी साक्षीदार आहे का ते शोधते.

बाबांच्या थेंबाला दुसरा साक्षीदार नव्हता.

म्हणून मी कागद बदलला. खूण कधी करायची तेही लिहिलं: थेंब घातल्यावर, बाटलीचं झाकण लावायच्या आधी. टॅग कधी फायर व्हावा यावर आम्ही ऑफिसात असाच वाद घालतो. बटण दाबल्यावर नोंद घ्यायची की पैसे भरल्याची पावती दिसल्यावर? दाबल्यावर घेतली तर अर्धवट सोडून गेलेलेही मोजले जातात. पावतीवर घेतली तर पावतीचं पान उघडायच्या आत फोन खिशात टाकणारे सुटतात. दोन्हीकडे काहीतरी हातचं जातंच, पण कुठे जातं ते माहीत असावं लागतं.

पुढचे तीन दिवस सगळ्या चौकटी भरलेल्या. मला समाधान वाटलं. चौथ्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. सकाळी पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेले तर त्या दिवसाच्या सातही खुणा करून झालेल्या. नऊ वाजले होते सकाळचे.

"बाबा, हे काय?"

"सकाळीच करून टाकतो. मग दिवसभर विसरायची भानगड नाही." थोडं थांबून म्हणाले, "तू आल्या आल्या कागद बघतेस. कोरं दिसलं की तुझा चेहरा उतरतो."

मला रागवता आलं नाही. थेंब ते घालतच होते, त्या सुट्टीच्या दिवशी मी स्वतः पाहिलं. फक्त खूण आणि थेंब यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. खूण माझ्यासाठी होती आणि थेंब डोळ्यासाठी.

आमच्या क्षेत्रात हे सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली पतधोरणाबद्दल लिहिताना ते मांडलं आणि पुढे १९९७ मध्ये मेरिलिन स्ट्रॅथर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ते सोपं केलं: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. मी हे वाक्य सादरीकरणात किती वेळा वापरलं असेल! पण ते मला कळलं बाबांच्या त्या सात खुणांपाशी. तोवर मी ते वाक्य लबाडीबद्दलचं समजत होते. आकडे फुगवणारी माणसं, बोनससाठी खेळ करणारी माणसं. कुणाचा तरी चेहरा उतरू नये म्हणूनही आकडा बिघडतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

मोजायची सवय ऑफिसातून घरी येते, हे खरंच आहे. रांगेत उभी राहिले की कुठल्या टप्प्यावर किती जण कंटाळून बाहेर पडतात ते डोळे आपोआप टिपतात. बाबा सकाळी ज्या लिंका पाठवतात त्यांच्या शेपटीला 'यूटीएम'ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं असतात. ती वाचून ही लिंक मूळ कुठल्या वृत्तपत्रिकेतून निघाली आणि कुठल्या मोहिमेची होती ते मला कळतं. पुढे कुणाला पाठवायची असेल तर मी ती शेपटी कापून पाठवते. कारण बाबांनी पाठवलेली लिंक मावशीने उघडली, तर हिशेबात ती वृत्तपत्रिकेतूनच आली असं धरलं जाईल, आणि ते खोटं आहे. मावशी बाबांमुळे आली.

त्या तीन अक्षरांमागची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला मोजायचे ते सर्व्हरचे लॉग. पान मागितलं की एक ओळ, त्या पानावरचं प्रत्येक चित्र मागितलं की आणखी एक ओळ. दहा चित्रांचं पान एकदा उघडलं तरी अकरा हिट, म्हणून नव्वदीच्या दशकात लोक हिटचे आकडे अभिमानाने सांगायचे आणि त्यातून माणसं किती ते कळायचं नाही. वेबला तर आठवणच नव्हती. तुम्ही आत्ता येऊन गेलात आणि परत आलात तरी तुम्ही नवेच. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मॉन्टुली यांनी कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी, आणली, तेव्हा ब्राउझरला थोडी आठवण आली. मग अर्चिन नावाची एक छोटी कंपनी लॉग वाचायचं सॉफ्टवेअर करायची. ती २००५ मध्ये गूगलने विकत घेतली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भेटी मोजायचं गूगल अ‍ॅनालिटिक्स सुरू झालं. अर्चिनचं नाव पुसलं गेलं, पण 'अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल'ची आद्याक्षरं आजही रोज असंख्य लिंकांना चिकटलेली असतात. माझ्यासारखे त्या अक्षरांवर पोट भरतात, तेव्हा त्यांचं मूळ ठाऊक असावं असं मला वाटतं.

पावलांचंही असंच. मनगटावरच्या घड्याळाने रोज दहा हजार पावलांचा आग्रह धरला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, दहा हजारच का? १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा आला तो त्या नावातून. २०१९ मध्ये वयस्कर स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात फायदा साडेसात हजारांच्या आसपास स्थिरावलेला दिसला. मी चालणं सोडलं नाही, घड्याळ मात्र घरी ठेवून जाते. बाबांबरोबर चालताना तर त्याचा उपयोगच नाही. ते दर शंभर पावलांवर थांबतात आणि काहीतरी सांगतात.

आता त्या दुपारबद्दल. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यासाठीच.

त्याआधी एक कबुली द्यायला हवी. मागे एकदा आमच्याकडे एका आरोग्यविषयक साइटचं काम होतं. तिच्यावर ऑपरेशननंतर काय काळजी घ्यावी याची लांबलचक पानं होती. काय करावं, काय टाळावं, कधी डॉक्टरांना कळवावं, सगळं एकाखाली एक. या पानांचा बाउन्स रेट खूप जास्त होता. बाउन्स म्हणजे माणूस एका पानावर आला आणि दुसरं पान न उघडता निघून गेला. शिवाय पानावरचा सरासरी वेळही अगदी कमी दिसत होता. मी अहवालात लिहिलं: लोक येतात, लांबी बघून घाबरतात, परत जातात. उपाय म्हणून पानाचे चार भाग करा, प्रत्येक भागाखाली 'पुढे वाचा' द्या. त्यांनी तसं केलं. बाउन्स रेट झपाट्याने खाली आला, प्रत्येक भेटीतली पानं वाढली. क्लायंट खूश, आमच्याकडेही कौतुक झालं. तो आलेख मी वर्षाच्या आढाव्यातही लावला.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली दुपार. बाबा खुर्चीत, हातात फोन. वाकून बूट घातले तर चालतील का, हे त्यांना हवं होतं. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यांच्या फोनवर पान उघडलं आणि वरची हिरवी पट्टी बघून मी ओळखलं. आमचीच साइट.

आधी संमतीची चौकट आली. युरोपात २५ मे २०१८ ला माहिती संरक्षणाचा कायदा लागू झाला तेव्हापासून ही चौकट जगभर सर्रास दिसायला लागली. मी आजवर ती वाचणारा माणूस पाहिला नव्हता. बाबांनी चष्मा सारखा केला आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला घेतली.

"हे काय विचारतायत गं?"

"तुम्ही इथे काय काय पाहता याची नोंद ठेवू का, असं विचारतायत."

"कोण ठेवणार?"

"आम्हीच. म्हणजे मीच, एका अर्थी."

"मला ओळखणार का त्यावरून?"

"नाही. कुणीतरी एक जण आला, एवढंच कळतं."

"मग तसं सरळ लिहा की." त्यांनी थोडा विचार केला आणि 'नको'वर बोट ठेवलं. आमचा टॅग तिथे नीट लावलेला होता. नको म्हटलं की तो फायर होत नाही. म्हणजे पुढचा सगळा वेळ बाबा आमच्या लेखी तिथे नव्हतेच.

मग ते वाचायला लागले. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत. प्रत्येक वाक्य संपल्यावर क्षणभर वर बघायचं, जणू ते डोक्यात ठेवून आले. अर्ध्या मिनिटाने स्क्रीन मंद व्हायची, की बोट टेकवून जागी करायची. मग पुन्हा ओळ शोधायची. तळाशी पोचले.

"संपलं?"

"नाही, पुढे आहे. ते निळं दाबा."

दुसरा भाग उघडला. तीन ओळी वाचल्या आणि थांबले. "वाकायचं नाही ते किती दिवस म्हणाले? ते मागे होतं ना?" मागे गेले. पहिला भाग पुन्हा वरून सुरू झाला, त्यात ती ओळ शोधली. पुन्हा पुढे. तिसऱ्या भागात वजन उचलण्याबद्दल होतं, ते पहिल्या भागातल्या वाकण्याशी जुळतं का ते बघायला पुन्हा दोन पानं मागे. माझ्या पोटात खड्डा पडला. या प्रत्येक मागे-पुढे जाण्याला आम्ही पेजव्ह्यू म्हणतो. बाबांनी नको म्हटलं होतं म्हणून ती मोजली जात नव्हती. पण ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांची ही सगळी शोधाशोध आमच्या आलेखात वर चढत गेली होती आणि तिला मी वाचकांचा वाढलेला रस म्हटलं होतं.

बाबांनी माझ्याकडे एक कागद मागितला. फ्रिजवरचा जुना तक्ता काढून ठेवला होता, तोच पाठकोरा दिला. त्यावर ते मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यायला लागले. डोळा चोळू नये. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. रात्री डोळ्यावर झाकण लावून झोपावं. जड उचलू नये. दुखलं किंवा अचानक कमी दिसलं तर लगेच कळवावं. एकाखाली एक. चार भागांतून वेचून एक लांब पान. मी तोडलेलं पान त्यांनी हाताने जोडून काढलं होतं.

आणि मग मला त्या आधीच्या, मूळच्या लांब पानाचा बाउन्स रेट आठवला. आम्ही तेव्हा ज्या पद्धतीने मोजत होतो तिच्यात पानावर घालवलेला वेळ काढण्याची रीत साधी होती. हे पान उघडल्याची वेळ आणि पुढचं पान उघडल्याची वेळ यांची वजाबाकी. पुढचं पान उघडलंच नाही तर वजाबाकी करायला दुसरा आकडाच नाही. म्हणून शेवटच्या पानाचा वेळ शून्य धरला जायचा. एकच पान उघडून, ते तासभर वाचून, समाधानाने फोन खाली ठेवणारा माणूस: वेळ शून्य सेकंद, शिवाय बाउन्स. मधेच उठून अर्ध्या तासाहून जास्त वेळाने परत आला आणि पान पुन्हा लोड झालं, तर ते दुसरं सेशन, म्हणजे वेगळी भेट, आणि तेही शून्य. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवते. पण ठाऊक असलेली गोष्ट आणि बोट ओळीखाली ठेवून वाचणारे बाबा, यांची गाठ माझ्या मनात कधी पडली नव्हती. त्या शून्यांत लांबी बघून घाबरलेले किती होते आणि बाबांसारखे किती, हे त्या आकड्यातून कळायला मार्गच नव्हता. माझ्यासमोर कोरी चौकट होती आणि मी ती 'थेंब घातला नाही' अशी वाचली होती.

आता हिशेब बदलला आहे. १ जुलै २०२३ पासून गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने नवी नोंद घेणं थांबवलं. नव्या आवृत्तीत पान प्रत्यक्ष समोर किती वेळ होतं ते मोजतात आणि दहा सेकंदांहून जास्त टिकलेली भेट बाउन्स धरत नाहीत. सुधारणा मोठी आहे, मला तिचं मोल आहे. तरी फोन बाजूला ठेवून वाचलेल्यावर विचार करत बसलेला माणूस तिलाही दिसत नाही.

सोमवारी मी आधी भेटींचे मार्ग काढून पाहिले. पहिला भाग, दुसरा, पुन्हा पहिला, तिसरा, पुन्हा पहिला. ओळीच्या ओळी तशाच. महिनोन्‌महिने ते तिथेच होतं, मी सरासरीच्या पलीकडे बघितलं नव्हतं इतकंच. क्लायंटसमोर जाऊन माझी शिफारस चुकली असं सांगणं अवघड गेलं. कौतुक झालेल्या आलेखाबद्दल तर फारच. एकाने विचारलं, पानं जोडली तर आकडे पुन्हा पडतील ना? म्हटलं, हो, पडतील. आणि ते पडतील तेव्हा मी इथे असेन, का पडले ते सांगायला. पान जोडलं. तळाशी एकच प्रश्न ठेवला, हवं ते मिळालं का, आणि शेवटपर्यंत स्क्रोल झाल्याची नोंद वेगळी घ्यायला लागलो. वर एक बटणही दिलं, संपूर्ण पान छापून घ्यायचं. ते बटण किती जण दाबतात हे मी आता दर आठवड्याला सगळ्यांत आधी बघते.

फ्रिजवर थेंबांचा कागद मी पुन्हा लावला नाही. सकाळचे आणि रात्रीचे थेंब मी घालते, दुपारी फोन करते. थेंब घातला का असं न विचारता म्हणते, बाबा, आता घाला, मी फोनवर आहे. पलीकडून बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो. मग पाच मिनिटं आम्ही बोलतो, दुसऱ्या बाटलीची वेळ होईपर्यंत.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी काहीच बोलले नाही. बाबा चौथ्या भागात होते, कागदावर सहावी ओळ लिहीत होते, आणि लिहिता लिहिता स्क्रीन पुन्हा काळी झाली.

"सारखं विझतं हे," ते म्हणाले.

मी फोन मागून घेतला. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन बंद व्हायची वेळ तीस सेकंदांची दहा मिनिटं केली आणि फोन परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा सारखा केला, मघाची ओळ शोधली आणि तिच्याखाली बोट ठेवलं.